यंदा मृगाचं वाहन काय?

होस्टेलच्या कुठल्याही कॉरिडॉरमधून रात्री अकरानंतर चक्कर मारा. निम्म्या खोल्यांतून कोरियन सिरीयलचे संवाद ऐकू येतील. सबमिशन उद्या असलं तरी एपिसोड आज संपलाच पाहिजे! त्यात एक प्रसंग हमखास येतो. दोन अनोळखी माणसं भेटतात, थोडं बोलणं होतं आणि एक जण विचारतो, "तुमचं त्ती कोणतं?" दुसरा म्हणतो, "ससा." की लगेच पहिल्याची बोलण्याची ढब बदलते.

हे 'त्ती' म्हणजे जन्मवर्षाचा प्राणी. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर असे बारा. दर वर्षाला एक प्राणी, बारा वर्षांनी पुन्हा तोच. चीनकडून आलेली ही पद्धत कोरियात इतकी मुरली आहे की भर दुपारी बारा वाजता या वेळेला तिथे 'जंगओ' म्हणतात आणि त्यातला 'ओ' म्हणजे घोड्याचा प्रहर. मध्यरात्रीच्या 'जाजंग'मधला 'जा' म्हणजे उंदराचा. रोज घड्याळ बघताना आपण उंदीर-घोडा म्हणतोय हे तिथल्या पोरांच्या ध्यानातही नसेल.

प्राणी विचारण्यामागे खरं कारण वयाचं असतं. कोरियन भाषेत मोठ्याशी बोलायची क्रियापदं वेगळी, बरोबरीच्याशी वेगळी. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे तसंच, पण त्याहून कडक. सरळ वय विचारणं बरं दिसत नाही. प्राणी कळला की चेहरा बघून बारा वर्षांचा हिशोब जमतो. कोरियात वय मोजायची जुनी पद्धतही निराळी होती, जन्मताच एक वर्ष आणि प्रत्येक नव्या वर्षाला आणखी एक. जून २०२३ पासून सरकारी कामासाठी ती बंद झाली, पण त्ती काही बंद झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोरिया कुठे आणि आपलं छत्रपती संभाजीनगर कुठे! एक तर कोरिया फार लांब राहिलेला नाही. शेंद्र्याला ऑरिकमध्ये ह्योसंगचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना २०१९ पासून आहे. दुसरं म्हणजे, असले प्राणी आपल्याकडेही आहेत आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहेत. कालनिर्णयची पानं उलटा किंवा सोलापूरचं दाते पंचांग उघडा. बेडूक, म्हैस, गाढव, कोल्हा, वाघ, कोंबडा, सगळे दिसतील. आपण त्यांना राशीचक्र म्हणत नाही इतकंच.

आधी सोपं गणित. कोरियन पद्धतीत बारा प्राण्यांच्या जोडीला दहा 'खोडं' असतात. १० आणि १२ चा लसावि ६०, म्हणून साठ वर्षांनी तीच जोडी परत येते आणि माणसाची साठी तिथे 'ह्वांगाप' म्हणून साजरी होते. आपल्याकडेही संवत्सरं साठच, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि आपणही षष्ट्यब्दी करतो. शालिवाहन शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. गुढीपाडवा २०२५ ला सुरू झालेलं शके १९४७ घ्या. १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, बाकी ३९, म्हणून विश्वावसु. पुढचं १९४८ म्हणजे चाळिसावं, पराभव. (नाव ऐकून एटीकेटीवाल्यांनी घाबरू नये.) ज्या शालिवाहनाचं नाव या शकाला चिकटलं त्याचं पैठण आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. शक मुळात कुणी सुरू केला यावर इतिहासवाल्यांची भांडणं चालू आहेत, आपण त्यात पडायला नको.

आता आपले प्राणी. सगळ्यात आधी लग्नातले, कारण फायनल इयरला तेच जवळचे. पत्रिका जुळवताना आठ गोष्टी बघतात. त्यांना १ ते ८ असे गुण असतात आणि १ पासून ८ पर्यंतची बेरीज ३६. तेच ते छत्तीस गुण! त्यातली चार गुणांची बाब म्हणजे योनी. जन्मनक्षत्रावरून प्रत्येकाला चौदांपैकी एक प्राणी मिळतो: घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर, गाय, रेडा, वाघ, हरीण, माकड, मुंगूस, सिंह. रोहिणी आणि मृग नक्षत्राला साप, मघा आणि पूर्वाला उंदीर, स्वाती आणि हस्ताला रेडा. मग वैराच्या जोड्या लावल्या आहेत. गाय आणि वाघ, साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर या कळतात. घोडा आणि रेडा हेही चालेल. पण मेंढा आणि माकड यांचं वैर कुठल्या बांधावर झालं देव जाणे.

ऐकायला गंमत वाटते. पण एखादीची योनी वाघ निघाली आणि समोरच्या घरी गायवाला मुलगा असला, की चारपैकी शून्य. तेवढ्यावर स्थळ मोडत नाही, अठराच्या वर गुण जमले की चालतं. मात्र नकार द्यायचाच असेल तर वाघ कामाला येतो. कोरियात 'गुंगहाप' नावाने हेच चालतं. तिथे तर १९९० साली याचं फार वाईट रूप दिसलं. ते वर्ष पांढऱ्या घोड्याचं. घोड्याच्या वर्षातली मुलगी हट्टी निघते, नवऱ्याला जड जाते अशी समजूत. त्या वर्षी कोरियात जन्मलेल्या दर १०० मुलींमागे मुलगे ११६.५ होते. मुलगाच हवा हा हट्ट आणि सोनोग्राफी तिथे आधीपासून होतीच, त्यात घोड्याने भर घातली. २००७ च्या 'सोनेरी डुकरा'च्या वर्षी उलट झालं, भाग्यवान बाळ हवं म्हणून जन्म वाढले. आपण हसायचं कारण नाही. ज्या मराठवाड्याने सोनोग्राफी मशीनचा उपयोग कशाकशाला केला ते आपल्याला माहीत आहे, आणि आपल्याला त्यासाठी घोड्याचीसुद्धा गरज लागली नाही.

दुसरा प्राणी संक्रांतीचा. डिसेंबर संपत आला की घरून फोन येतो, "यंदा संक्रांत कशावर बसलीय माहितीये का? अमुक रंगाचं घालू नकोस." संक्रांतीला दरवर्षी एक वाहन असतं, उपवाहन असतं, वस्त्राचा रंग असतो, हातात शस्त्र असतं. ती ज्यावर बसली, जे नेसली, जे खाल्लं त्यावर 'संक्रांत आली' अशी समजूत. (आपल्या व्हायव्हावर ती कशावर बसून येते ते अजून कळलेलं नाही.) हे वाहन ठरतं करणावरून. करण म्हणजे अर्धी तिथी. महिन्यात ३० तिथ्या, म्हणून ६० करणं. सूर्य मकरेत शिरताना जे करण चालू असेल त्याचा प्राणी. बवाला सिंह, बालवाला वाघ, कौलवाला डुक्कर, तैतिलाला गाढव, गराला हत्ती, वणिजाला रेडा, विष्टीला घोडा. ही सात करणं महिन्यात आठ आठ वेळा येतात, म्हणजे छप्पन्न. उरलेली चार एकदाच: शकुनीला कुत्रा, चतुष्पादाला मेंढा, नागाला बैल, किंस्तुघ्नाला कोंबडा. आता प्रोबॅबिलिटी काढा. सिंह येण्याची शक्यता ६० पैकी ८ आणि कोंबड्याची ६० पैकी १. म्हणजे कोंबड्यावर बसलेली संक्रांत सरासरीने आयुष्यात एकदाच बघायला मिळणार!

तारीखही स्थिर नाही बरं का. स्वामी विवेकानंद जन्मले ती १८६३ ची मकरसंक्रांत १२ जानेवारीला होती. आता १४ किंवा १५ ला येते. नक्षत्रांवर मोजलेलं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून किंचित मोठं, साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. अजून काही शतकांनी तिळगूळ फेब्रुवारीत वाटावा लागेल.

पण खरा विषय पावसाचा. आपल्या होस्टेलमधली निम्मी पोरं बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची. त्यांच्या घरी मे महिन्यात निकालाआधी एक प्रश्न विचारला जातो: मृगाचं वाहन काय? माझ्या घरीही. अण्णा शिकलेले आहेत, सोयाबीनचा वाण कोणता घ्यायचा ते मोबाईलवर बघतात. तरी पंचांगाचं ते पान उघडल्याशिवाय बियाणं घ्यायला निघत नाहीत.

वर्षात सूर्य २७ नक्षत्रांतून जातो, म्हणजे एकेका नक्षत्रात साडेतेरा-चौदा दिवस. पावसाळ्यातली नक्षत्रं अशी: ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, १९-२० जुलैला पुष्य, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, सप्टेंबरच्या शेवटी हस्त. गावाकडे यांची घरगुती नावं आहेत. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा', हस्ताचा 'हत्तीचा'. हस्त लागला की मुली पाटावर हत्ती काढून हादगा मांडतात. लाल मखमलीसारखा मृगाचा किडा दिसला की मृग निघाला असं समजायचं. या नावांमागे पिढ्यान् पिढ्यांची नजर आहे, आणि पंधरा दिवसांचं हे कॅलेंडर शेतीला महिन्यांपेक्षा सोयीचं पडतं. जूनमध्ये पेरलं म्हटलं तर काहीच कळत नाही. मृगात पेरलं आणि आर्द्रात पेरलं यात मात्र उत्पन्नाचा फरक आहे, आणि तो शेतकऱ्याला तोंडपाठ असतो.

वाहन हा वेगळा प्रकार. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, दोन्ही धरून. आलेल्या आकड्याला ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम. कोल्हा आणि मेंढा आले की पाऊस ओढ देणार. घोडा असला तर डोंगराकडे पडणार. बेडूक आणि म्हैस पाण्यात बसणारे, हे तर्काला धरून आहे. गाढवाने मध्यम पाऊस का पाडावा ते मात्र गाढवालाच विचारायला हवं.

करून बघा. मृग पाचवं नक्षत्र. सूर्य मृगात शिरला तेव्हा चंद्र श्रवणात, म्हणजे बाविसाव्या नक्षत्रात आहे असं समजा. मृग धरून मोजलं की १८. बाकी शून्य, हत्ती. चंद्र अश्विनीत असता तर २४, बाकी ६, उंदीर. सी-प्रोग्रामिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलमधला मॉड्युलो ऑपरेटर, दुसरं काही नाही.

आता इंजिनिअरच्या डोळ्याने बघू. सूर्य नक्षत्राच्या अगदी उंबऱ्यावर असतानाच आपण मोजतो. म्हणजे आपण मोजलेली संख्या ही सूर्य आणि चंद्रातलं अंतर, २७ भागांत केलेलं. आणि सूर्य-चंद्रातलं अंतर म्हणजेच चंद्राची कला! अमावास्या नुकतीच उलटली असेल तर आकडा १, घोडा. अमावास्या लागायच्या बेतात असेल तर २७, हत्ती. ऐन पौर्णिमेला १४, मोर. थोडक्यात, वाहन आपल्याला एवढंच सांगतं की त्या दिवशी रात्री चंद्र केवढा दिसेल. शिवाय ९ ने भागल्यामुळे एकच प्राणी चंद्राच्या तीन निरनिराळ्या कलांना मिळतो. २०२४ ला मृग लागला तो अमावास्येनंतर जेमतेम सव्वा दिवसाने, चंद्र आर्द्रात, आकडा २, कोल्हा. २०२५ ला मृग लागला तेव्हा पौर्णिमा तीन दिवसांवर होती, चंद्र स्वातीत, आकडा ११, पुन्हा कोल्हा. एका वर्षी चंद्रकोर, दुसऱ्या वर्षी जवळजवळ पूर्ण चंद्र, आणि वाहन तेच.

पुढचा प्राणीही अंदाजाने सांगता येतो. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला एक दिवसाहून किंचित जास्त लागतो. जून-जुलैत सूर्य एका नक्षत्रात सुमारे १४ दिवस असतो, तेवढ्यात चंद्र १३.८ नक्षत्रं जातो, सूर्य एक. फरक १२.८. त्यातून ९ वजा करा, राहिले ३.८. म्हणजे दर पंधरवड्याला यादीत साधारण चार घरं पुढे, कधी तीन, कधी पाच. २०२४ चं बघा: मृगाला कोल्हा (२), आर्द्राला मोर (५), पुनर्वसूला हत्ती (९). बसतंय ना? पुढच्या शंभर वर्षांची वाहनं आज रात्रीत काढून ठेवता येतील. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होवो न होवो, मृगाचं वाहन ठरलेलं. आणि ते चेरापुंजीलाही तेच, गेवराईलाही तेच.

दोन्ही वर्षी मृगाला कोल्हा होता आणि दोन्ही पावसाळ्यांत महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला. मृगाचा पंधरवडा म्हणजे सगळा पावसाळा नव्हे, हे मान्य. पण २०२५ ला मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, मृगाची वाट न बघता. आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून पाणी सोडावं लागलं, गोदाकाठची उभी पिकं गेली, ते आपल्या पोरांनी घरच्या फोनवर ऐकलेलं आहे. त्या वेळी कुणाच्या बांधावर कुठला प्राणी बसला होता हे विचारायचीही कुणाला शुद्ध नव्हती.

म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसत्या गमतीचा नाही. बेडूक आहे म्हणून पहिल्या सरीवर पेरलं आणि पुढे वीस दिवस उघडीप पडली तर दुबार पेरणी. बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. कोल्हा आहे म्हणून थांबलं आणि पाऊस चांगला झाला तर मूग-उडदाचा हंगाम हुकला. होस्टेलची फी आणि मेसचं बिल त्याच पैशातून येतं.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी एकच सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. कारण साधं आहे. तेवढ्या पावसात काळ्या रानात ओल खोलवर जाते आणि मध्ये खंड पडला तरी उगवलेलं रोप काही दिवस तग धरतं. वरवरच्या ओलीवर उगवलेलं पहिल्या कडक उन्हात करपतं. विद्यापीठाचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, मराठीत असतो, फुकट असतो. महसूल मंडळांच्या ठिकाणी 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रंही बसली आहेत, त्यामुळे आपल्या मंडळात किती मिलिमीटर झाला ते समजतं. तरी माझा अनुभव असा की अण्णांना "वाहन खोटं आहे" म्हटलं की ते गप्प होतात आणि मनातलं तेच करतात. "वाहन असू द्या, पण मंडळात किती मिलिमीटर झाला?" असं विचारलं की मात्र बोलणं पुढे सरकतं. आता तेच फोनवर आधी आकडा सांगतात, "अठ्ठावन्न झालाय, अजून थांबतो," आणि मग हळूच, "तसं यंदा वाहनही काही खास नाही म्हणा."

बाकी वाहन काढायचा छोटा प्रोग्राम मी लिहिला आहे, पंचवीसेक ओळींचा. सूर्य आणि चंद्राचं नक्षत्र टाकलं की प्राणी छापतो. सेकंड इयरच्या कुणाला मिनी प्रोजेक्टसाठी पुढे वाढवायचा असेल, म्हणजे त्याला आपापल्या मंडळाचे रोजचे पावसाचे आकडे जोडून दहा-वीस वर्षांची तुलना करायची असेल, तर जरूर भेटा. गावाकडच्या आकड्यांच्या वह्या लागतील. त्या कुणाच्या ना कुणाच्या आजोबांकडे नक्की असतील.